अंड्यांचा फोटो आणि दुपारची सावली

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या अंकात उन्हाळ्यातल्या शिवाराच्या पानावर टिटवीच्या ४ अंड्यांचे छायाचित्र आले आहे. खाली गावाचे, वस्तीचे आणि ओढ्याचेही नाव दिले आहे. छायाचित्र सुबक आहे, त्यात वाद नाही. पण माळावर नेहमी जाणाऱ्याला त्यात आणखी काही दिसते. अंड्यांची सावली त्यांच्या बुडाखालीच पडली आहे, म्हणजे सूर्य डोक्यावर होता. चारही अंडी उघडी आहेत, म्हणजे पक्षी उठलेला होता. भोवतीच्या मुरमाचा कण न् कण स्पष्ट आहे, म्हणजे कॅमेरा हातभर अंतरावर होता. एप्रिलच्या भरदुपारी आपल्याकडचा मुरूम वहाणेच्या तळातून पाय भाजतो. त्या जमिनीवर ती अंडी किती वेळ उघडी होती हे फोटोत दिसत नाही. फोटो काढणाऱ्यानेही ते मोजले नसेल.

उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यापेक्षा सावली देण्यासाठी. दुपारी ती पूर्ण बसतही नाही. पाय अर्धवट वाकवून, पिसे फुलवून अंड्यांवर छत्री धरल्यासारखी उभी राहते. मधूनच जोडीदार पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येतो आणि त्या ओलाव्याने अंडी थंड राहतात. कोरड्या माळावर अंडी घालते ती पिवळ्या गालाची पीतमुखी टिटवी, पाण्याच्या आसपास घालते ती लाल गालाची ताम्रमुखी. दोघींचाही विणीचा मुख्य हंगाम मार्चपासून पुढे पावसाळ्यापर्यंत असतो आणि अंडी उबायला साधारण ४ आठवडे लागतात. ऐन उन्हात माणूस शेजारी पंधरा मिनिटे उभा राहिला, तर घरटे न मोडताही आतला जीव संपू शकतो. टिटवी मात्र नंतरही त्या अंड्यांवर बसत राहते, म्हणून फोटो काढणाऱ्याला वाटते की काही बिघडले नाही.

दुसरा धोका कावळ्याचा आणि मुंगसाचा. माणूस कुठे थांबला, कुठे वाकला हे कावळा दूरच्या बाभळीवरून पाहत असतो. मुंगूस आणि कुत्री वासाचा माग काढत येतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणेही येते. प्राण्याला हाकणे आणि आमिष दाखवणे त्याच व्याख्येत बसते. बंदूक न उचलणाऱ्या पुष्कळ सज्जनांना याची कल्पना नसते.

जाता जाता एक गोष्ट. आपल्याकडे म्हणतात, टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस चांगला आणि जितकी अंडी तितके महिने पावसाचे. टिटवी बहुतेक वेळा ४च अंडी घालते. त्यामुळे हे भाकीत दरवर्षी आशेचेच निघते.

मग टिटवीचा फोटो काढूच नये का? जरूर काढावा, पण तो अंड्यांचा नसावा. टिटवी उठून डोक्यावर ओरडू लागली की आपण आधीच फार जवळ आलो आहोत, असे समजावे. ज्या वाटेने आलो त्याच वाटेने, पायांखाली बघत, ५०-६० मीटर मागे यावे. दुसरे घरटे तिथेच पायाखाली असू शकते. मग बांधाच्या आडोशाला किंवा गाडीत बसून राहावे. थोड्या वेळात टिटवी परतते. उडत येत नाही, पळत येते. चार पावले पळते, थांबते, मान वळवते, पुन्हा पळते. पोटाची पिसे ओली असतील तर कडेच्या उन्हात ती चमकतात. अंड्यांवर पाय वाकवून उभी असलेली टिटवी ४०० मिलिमीटरच्या लेन्समधून चौकटीच्या दहाव्या भागाएवढीच येईल. येऊ द्यावी. भोवतीचा तापलेला माळ त्या फोटोत यायलाच हवा. ती लवकर परतली नाही, तर उठून निघून जावे.

आता वेळेविषयी. एप्रिलअखेर आपल्या भागात सूर्य सहाच्या थोडे पुढे उगवतो. साडेआठनंतर काढलेल्या लांबच्या फोटोंबद्दल नवे छायाचित्रकार हमखास तक्रार करतात की लेन्स बिघडली, फोकस लागत नाही. लेन्स ठीक असते. जमिनीलगतची हवा तापून थरथरते आणि तिच्यातून येणारा प्रकाश वाकतो. डोळ्याला जे मृगजळ दिसते तेच फोटोत मऊपणा होऊन उतरते. तिपाई, महागडी लेन्स, जास्तीचा शटर वेग, कशानेही ते जात नाही. दोनच उपाय आहेत, लवकर येणे किंवा अंतर कमी करणे. त्यातला दुसरा उपाय जनावरासाठी वाईट, म्हणून पहिलाच खरा. गाडीतून फोटो काढत असाल तर बॉनेटवरून लेन्स धरू नये, त्याच्या उष्णतेनेही प्रतिमा थरथरते. एसी लावून आलात तर काचा खाली करून दहा मिनिटे थांबा. थंड लेन्सच्या हूडमध्ये बाहेरची गरम हवा शिरली की तिथेही तीच थरथर सुरू होते.

संध्याकाळचा पेच वेगळा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. सूर्य पाठीशी ठेवा, हा छायाचित्रणाचा पहिला धडा. उन्हाळ्यात दुपारनंतर आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. म्हणजे मावळतीचा सूर्य पाठीशी घेऊन बसलात की वाराही पाठीशी येतो आणि तुमचा वास थेट चिंकारा हरणाच्या किंवा खोकडाच्या (छोट्या कोल्ह्याच्या) नाकात जातो. फोटो काढणारा म्हणतो, ‘इतका स्थिर बसलो तरी पळाले.’ ते पळाले वासाने. म्हणून संध्याकाळी जनावराच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला बसावे आणि कडेचा प्रकाश घ्यावा. वाळलेल्या गवतात कडेच्या किंवा समोरच्या प्रकाशाने कुसळे पेटल्यासारखी दिसतात, शिंगांना आणि कानांना सोनेरी कड येते. पाठीमागून आलेल्या सपाट उजेडापेक्षा तो फोटो कितीतरी सरस असतो. मूठभर बारीक माती बोटांतून सोडली की वाऱ्याची दिशा कळते. त्यासाठी यंत्र लागत नाही.

माळावरची जनावरे मेंढपाळाला घाबरत नाहीत आणि आपल्याला घाबरतात, असे सगळे म्हणतात. यात कपड्यांच्या रंगाचा भाग थोडा आहे, चालीचा मोठा. मेंढपाळ जनावराकडे सरळ चालत जात नाही, त्याच्याकडे टक लावून पाहत नाही, थबकून वाकत नाही. आपल्या कामाने तिरका निघून जातो. फोटो काढणारा सरळ रेषेत येतो, थांबतो, वाकतो, पुन्हा येतो. शिकारी जनावराची चालही अशीच असते. पायी जवळ जायचेच असेल तर तिरके, नागमोडी, मधूनच दुसरीकडे बघत जावे. चिंकाऱ्याने मान वर करून कान ताठ केले की थांबावे. त्याने पुन्हा चरायला सुरुवात केली तरच पुढचे पाऊल टाकावे. त्याने शेपटी हलवत चार पावले बाजूला टाकली तर ती मर्यादा समजावी.

चिंकाऱ्याला गाडीने पळवणे हा तर निव्वळ दुष्टपणा. तो पानांतल्या ओलाव्यावर बराच काळ काढू शकतो, म्हणून तो उन्हाळ्यातही टिकतो. पण ४० अंशांत त्याला दोन किलोमीटर धावायला लावले तर शरीर तापते आणि ती उष्णता निघून जायला वाट नसते. पळून गेलेले जनावर वाचलेच असे नाही. ते नजरेआड जाऊन बसते आणि तिथेच मरू शकते. बारामती तालुक्यात सुप्याला जे मयूरेश्वर अभयारण्य आहे ते जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे. तिथला चिंकारा चरायला आणि फिरायला अभयारण्याबाहेरच्या गायरानांवर, पडीक शेतांत येतो. कुंपणाच्या आत नियम आहेत, माहीतगार माणसे आहेत. अडचण आहे ती बाहेर. वनविभागाने कडबनवाडी आणि शिरसुफळ येथे गवताळ माळाची सफारी सुरू केली, तिथेही मार्ग ठरलेले आहेत. उरलेल्या माळावर मात्र जो तो आपली गाडी गवतात घालतो. चाकोरी सोडून गेलेल्या एका गाडीच्या दोन चाकांखाली चंडोल, धाविक, डोंबारी या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची किती घरटी जातात हे मोजायला तिथे कुणी नसते. धाविक पक्षी तर घरटे करतच नाही, उघड्या जमिनीवर २-३ अंडी घालतो आणि ती ढेकळांसारखी दिसतात.

पाण्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण उन्हाळ्यातले बहुतेक फोटो आणि बहुतेक चुका पाण्यावर होतात.

पखुर्डी हा पक्षी सकाळी ऊन चढल्यावर, साधारण आठ ते दहाच्या दरम्यान, थव्याने पाण्यावर येतो. पाण्यात उतरत नाही, काठापासून काही अंतरावर उतरतो, मान उंचावून पाहतो, मग एकदम चालत जाऊन दहा-पंधरा सेकंदांत घटाघटा पितो आणि उडतो. विणीच्या काळात नर पोट पाण्यात बुडवून पिसांत पाणी भरून घेतो आणि पिल्लांना ते पाजतो. रंगीत पखुर्डी मात्र अंधार पडल्यावर किंवा पहाटे अंधारातच येते, तिच्या फोटोसाठी पाण्यावर दिवे लावू नयेत. थवा घिरटी घालून न उतरता गेला, तर पोटात तहान तशीच असते. थव्याने तीनदा घिरटी घातली आणि एकदाही उतरला नाही, तर लपणातल्या (फोटोसाठी लपून बसायच्या कापडी आडोशातल्या) माणसाचे काहीतरी चुकले आहे. बहुधा लेन्सचे टोक बाहेर आलेले असते किंवा लपणाचे कापड वाऱ्याने फडफडत असते.

लपण पाण्यापासून लहान पक्ष्यांसाठी १० मीटरवर आणि पखुर्डीसाठी २०-२५ मीटरवर असावे. आदल्या दिवशी संध्याकाळी लावावे, सकाळी लावलेल्या लपणावर कुणी विश्वास ठेवत नाही. आत शिरायचे ते उजाडण्याआधी आणि निघायचे ते पाण्यावर कुणीच नसताना. मध्ये चहासाठी उठणे नाही. कापड ताणून दगडांनी दाबावे. बसायला पोत्याची गादी आणि किमान ३ लिटर पाणी हवे. बंद लपणात नऊनंतर भट्टी होते, डोके दुखू लागले किंवा घाम यायचा थांबला तर फोटो विसरून बाहेर यावे. कॅमेऱ्याचा आवाज बंद करणारे इलेक्ट्रॉनिक शटर इथे उपयोगी पडते. मात्र बऱ्याच कॅमेऱ्यांत त्या शटरवर उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे, रबरासारखे येतात. म्हणून पिणाऱ्या पक्ष्यासाठी ते, आणि उडणाऱ्यासाठी यांत्रिक शटर १/३२०० वर.

गावोगाव तरुण मंडळी उन्हाळ्यात पाणवठे करतात, ही फार चांगली गोष्ट आहे. त्यातले अर्धे पाणवठे चुकीचे असतात. उभ्या काठाची टाकी किंवा अर्धे कापलेले पिंप पुरले की पाखरे, सरडे, खारी त्यात बुडून मरतात. पाणवठा परातीसारखा हवा, ३ फूट लांब, २ फूट रुंद, कडेने उतरता, मधोमध खोली ४ इंच. आत दोन-तीन खडबडीत दगड टाकावेत. भोवती निदान दोन-तीन मीटर मोकळी जागा हवी, नाहीतर रानमांजर झुडपात दबा धरते. जरा अंतरावर एखादे काटेरी झुडूप मात्र असावे, लहान पाखरे आधी तिथे येऊन बसतात. रस्त्यापासून २०० मीटर आत असावा. दर दोन-तीन दिवसांनी सगळे पाणी ओतून काथ्याने घासावा, साबण लावू नये, थोडा वेळ उन्हात कोरडा होऊ द्यावा आणि मग भरावा. एकाच घाण पाण्यावर सगळे पक्षी आले की रोग पसरतो. आणि एकदा सुरू केला तर पहिल्या दमदार पावसापर्यंत चालवावा. मार्चमध्ये उत्साहाने भरलेला आणि मेमध्ये कोरडा पडलेला पाणवठा नसलेलाच बरा, कारण जनावरांनी त्याच्या भरवशावर आपला फिरण्याचा घेर बदललेला असतो.

पाणवठ्याहून मोठा प्रश्न शेततळ्यांचा आणि बिनकठड्याच्या विहिरींचा आहे. शेततळ्याला प्लॅस्टिकच्या कागदाचे अस्तर असते. तहानलेले खोकड, ससा, चिंकारा, कधी तरस त्यात उतरतो आणि ओल्या कागदावर पाय घसरून पुन्हा वर येऊ शकत नाही. पोहून दमतो आणि बुडतो. उपाय साधा आहे. कोपऱ्यात वरपासून तळापर्यंत काथ्याची जाळी किंवा गाठी मारलेला जाड दोर सोडावा, वरचे टोक खुंटीला पक्के बांधावे. जुन्या टायरांची शिडीही चालते. दोराने कागदाला भोक पडेल, ही शेतकऱ्याची पहिली शंका असते आणि तिचे उत्तर त्याच्यासमोर दोर टाकूनच द्यावे. फोटो काढायला येणाऱ्या प्रत्येक गटाने हंगामात एका शेततळ्याला असा दोर बांधला तर त्यांना शिवारात चहाही मिळेल. विहिरीत किंवा तळ्यात जनावर पडलेले दिसले तर आपण उतरू नये, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि गर्दी लांब ठेवावी. उन्हाने कोसळलेल्या पाखराच्या चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. भोके पाडलेल्या खोक्यात, सावलीत ठेवावे.

ओढ्याच्या कडेला किंवा मुरूम काढलेल्या खड्ड्याच्या भिंतीत याच दिवसांत वेडा राघू बिळे करतो. हा नवशिक्यांसाठी सर्वांत उत्तम विषय आहे, कारण तो भक्ष्य धरून पुन:पुन्हा त्याच काटकीवर किंवा तारेवर येतो. त्या काटकीवर आधीच फोकस लावून १२-१५ मीटरवर बसावे. चतुर किंवा मधमाशी धरून आला की तो ती काटकीवर आपटतो. तो क्षण १/२००० च्या वेगाने धरावा. पण एक खूण लक्षात ठेवावी. चोचीत किडा धरून पक्षी पाच मिनिटे बसून राहिला, त्याने तो स्वतः खाल्लाही नाही आणि बिळातही गेला नाही, तर बिळात पिल्ले आहेत आणि त्याच्या वाटेतला अडथळा म्हणजे तुम्ही. नीलकंठ, पिंगळा, हुदहुद, सगळ्यांना ही खूण लागू आहे. घरट्यासमोरची फांदी ‘फ्रेम मोकळी करण्यासाठी’ वाकवणे किंवा तोडणे म्हणजे पिल्लांवर ऊन आणि शिक्र्यासारखा शिकारी पक्षी दोन्ही सोडणे.

डोंबारी हा चिमणीएवढा चंडोल नावाप्रमाणे कसरती करतो. नर सरळ वर चढतो, पंख मिटून कोसळतो, जमिनीजवळ आल्यावर पुन्हा वर उसळतो आणि शेवटी ठरलेल्या ढेकळावर उतरतो. हवेत त्याचा पाठलाग करणे व्यर्थ. दोन-तीन फेऱ्या नुसत्या पाहाव्यात, ढेकूळ हेरावे आणि पोटावर पालथे पडून त्याची वाट पाहावी. पळसाच्या फुलोऱ्यावर तुटून पडणाऱ्या भोरड्या (पळसमैना) मात्र एप्रिलमध्ये निघून जातात. त्यांच्यासाठी मेमध्ये सुट्टी काढून येणाऱ्यांची दरवर्षी निराशा होते.

पोटावर पडायचे तर आधी जागा पाहून घ्यावी. माळावर दगडाखाली फुरसे असते. दगड हाताने उलटू नये, बसण्याची जागा काठीने ठोकून घ्यावी, पायात उंच बूट असावेत. हे विशेषतः सरड्यांच्या फोटोसाठी सांगायला हवे. एप्रिल-मेमध्ये गळ्याला पंख्यासारखी झालर असलेल्या सरड्याचा नर दगडावर चढतो आणि निळी, काळी, नारिंगी झालर उघडून मिटून मादीला बोलावतो. या सरड्यांच्या एका नव्या वंशाला (अनेक जातींच्या गटाला) २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी ‘सरडा’ हेच आपले मराठी नाव दिले. त्या गटातला ‘सरडा सुपर्बा’ सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावरचा. त्याच पठारावर पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी आणि सरडे जास्त, शिवाय माणसाला कमी बिचकणारे, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. सरडा साडेआठ ते अकरा या वेळात सर्वांत जोमात असतो, म्हणजे पक्ष्यांचा प्रकाश संपला की त्याचा सुरू. अंतर कमी असल्यामुळे इथे झळांचा त्रासही होत नाही. कॅमेरा जमिनीला टेकवून, झालरीला समांतर, एफ ८ या ॲपर्चरवर. पाच-सहा मीटरवर आलात की थांबा, तोच पुढच्या दगडावर येतो. पकडून दगडावर ठेवलेला सरडा झालर उघडत नाही. तसा फोटो जाणकाराला लगेच ओळखू येतो.

खोकडाची पिल्ले मार्च-एप्रिलमध्ये बिळाबाहेर खेळू लागतात. पिल्ले निर्भय असतात, माणसाकडे चालत येतात, आणि हाच घात आहे. आई दूर उभी राहून भुंकत असते आणि फोटो काढणाऱ्याचे सारे लक्ष पिल्लांवर असते. भुंकणे ऐकू आले की निघावे. बिस्किटे आणि कोंबडीचे तुकडे टाकून खोकडाला गाडीशी आणणारे लोक आहेत. ते खोकड मग प्रत्येक गाडीकडे धावते आणि महिन्याभरात डांबरी सडकेवर चिरडलेले सापडते. लांडग्याबद्दल थोडेच लिहितो. थंडीत जन्मलेली पिल्ले याच दिवसांत बाहेर दिसतात. बिळावर माणसांची ये-जा वाढली की मादी पिल्ले दुसरीकडे हलवते आणि त्या स्थलांतरात काही दगावतात. पोल्ट्रीतली मेलेली कोंबडी माळावर टाकल्याने कुत्र्यांच्या झुंडी वाढल्या आहेत, त्यांच्यामार्फत पिसाळण्याचा रोग आणि डिस्टेंपर लांडग्या-खोकडांत जातो. पुण्याजवळच्या लांडग्यांत कुत्र्याचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावाही २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लांडगा पाहायचा तर बीळ शोधू नये. कोकणाकडे न उतरलेला, परिसरातच राहिलेला एखादा धनगराचा वाडा (मेंढरांचा तळ) गाठावा, त्यांची परवानगी घ्यावी आणि मेंढरांपासून ३०० मीटरवर, दुर्बीण घेऊन, पहाटे बसावे. लांडगा कळपावर नजर ठेवून येतो, आणि कुठल्या अंगाने येतो हे मेंढपाळाला आपल्यापेक्षा चांगले माहीत असते. लांडगा दिसला तर आरडाओरड करून मेंढरे बिथरवू नयेत. मेंढरू गेले तर नुकसान त्या कुटुंबाचे होते, फोटो आपल्याला मिळतो.

साधनांबद्दल दोन शब्द पुरेत. ८ x ४२ ची दुर्बीण आधी घ्यावी, लेन्स नंतर. फिकट गवताने कॅमेऱ्याची प्रकाशाची मोजणी फसते आणि चिंकारा काळपट येतो, म्हणून एक्स्पोजर १/३ ते २/३ स्टॉप वाढवावे. गाडीच्या दारावर लेन्स टेकवायला जुन्या जीन्सचा पाय शिवून त्यात दोन किलो मटकी भरली की काम होते. लेन्सवरची धूळ आधी फुंकणीने उडवावी, मग कापड. मुरमाच्या कणासकट पुसले तर काचेवर कायमचे ओरखडे. वाऱ्यात लेन्स बदलू नये, कॅमेरा बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नये. मोबाइलवर पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवून त्यांना बोलावणे विणीच्या काळात पूर्ण टाळावे. नर हद्द राखायला धावत येतो आणि तेवढा वेळ पिल्ले उपाशी राहतात.

संपादक महोदय, आता आपल्याकडे मागणे. मार्च ते जून या काळात घरटे, अंडी, बिळातली पिल्ले यांचे छायाचित्र छापू नये, मग ते कितीही देखणे असो. वाचकांच्या छायाचित्र स्पर्धेच्या नियमांत हे एक वाक्य घातले तरी पुष्कळ फरक पडेल. लांडगा, तरस, खोकड, शृंगी घुबड, सर्पगरुड यांच्या फोटोखाली गावाचे नाव न देता फक्त जिल्हा द्यावा. मोबाइलवरून आलेल्या मूळ फाइलमध्ये ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात, ते संकेतस्थळावर टाकण्याआधी काढून टाकायला आपल्या तांत्रिक विभागाला सांगावे. फोटो पाठवणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत: वेळ कोणती, अंतर किती, आणि आपण निघालो तेव्हा पक्षी किंवा प्राणी काय करत होता. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याचा फोटो बाजूला ठेवावा.

आणि त्या ४ अंड्यांच्या जागी कुणी माणूस पाठवून पाहणी करण्याचा विचार असेल, तर कृपया जूनपर्यंत थांबावे.

आपले,
माळरानावर नियमित जाणारे काही निरीक्षक
बारामती-इंदापूर परिसर